बोलेश्वराचं दर्शन

पोळा दोन दिवसांवर आला होता. नेवाशात कारभारी कुंभाराच्या अंगणात मातीचे दीडशे बैल उन्हात वाळत उभे होते, आणि त्यांच्या मागे, भिंतीच्या सावलीला, एक माणूस बसला होता. तोही मातीचाच.

हातभर उंच. मांडी घालून बसलेला, पोट मांडीवर आलेलं. डोळे मिटलेले, कारण बोलताना त्याला समोरचं कुणी दिसायची गरजच नव्हती. आणि तोंड उघडं, असं की चिमणीला आत घरटं करता आलं असतं. त्याच्या अंगाखांद्यावर बोटबोटभर माणसं चढून बसली होती. एक बाई गुडघ्यावर बोट उगारून, एक बाप्या खांद्यावर मिशीला पीळ देत, एक बाई त्याच्या तोंडाला कान लावून, आणि एक बाप्या पोटाच्या उतारावर सरळ झोपी गेलेला.

केशरबाई प्रवरेवरून धुणं घेऊन आली ती तिथंच थबकली. खांद्यावरचा ओल्या लुगड्याचा पिळा घसरून मातीत पडला, तरी तिला कळलं नाही.

"मने!"

धाकटी जाऊ मनकर्णा पडवीतून बाहेर आली. कोपरापर्यंत हात मातीनं माखलेले.

"काय आक्का?"

"हे कोन?"

"कुनी न्हाई. बैल झाले, माती उरली."

"उरल्या मातीच्या दातात फट कशी पडली गं?"

मनकर्णेनं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

"आन ही गुडघ्यावरची?"

"हाय अशीच एक बाई."

"अशीच एक! नाकात नथ माझी, बोट माझं, आन म्हनं अशीच एक!" केशरबाईनं तेच बोट उगारलं, मग मातीच्या बाईकडे बघून पटकन खाली घेतलं. "अगं, सोयरीक जुळायची हाय अजून. सूर्यभान पाव्हण्यांना ह्याचा नुसता वास लागला तरी माझी पोर घरात बसंल. बसंल का न्हाई?"

बसली असती, हे मनकर्णेलाही कळत होतं.

चैत्रात सगळं घर कोपरगावला गेलं होतं. केशरबाईच्या सरूसाठी तिकडचं स्थळ नणंदेनं, लंकाबाईनं आणलं होतं. ती त्याच गावात दिलेली. पोरगा गहिनीनाथ शांत, कामाचा. सरूनं घरी येऊन एवढंच सांगितलं होतं, "पोरगा बरा हाय. त्याच्या वाट्याचं बी बापच बोलतो." आणि ते खरं होतं. सूर्यभानाच्या बापानं जन्मभर चाक फिरवलं, पण सूर्यभानानं दहा वर्षांपूर्वी ते चाक माळ्यावर टाकलं आणि विटांची भट्टी घातली. साखर कारखान्यांच्या चाळी उठत होत्या, विटा पुरत नव्हत्या, माणूस वर आला. वर आला तेव्हापासून तो बोलत होता. त्या दिवशी न्याहारीला सुरू झाला तो दिवेलागण झाली तरी थांबेना. भट्टी कशी रचली, इंजिनेराला कसं गप्प केलं, नगरच्या साहेबानं कशी खुर्ची दिली. ऐकणाऱ्यांच्या पायांना मुंग्या आल्या, मनकर्णेचा नवरा भिमाजी तर बसल्या बसल्या घोरला. मधेच त्यानं दोन अटी सांगितल्या, आणि त्या मात्र सगळ्यांनी जागेपणी ऐकल्या. एक, त्याची सून मातीला हात लावणार नाही. दोन, सुनेच्या माहेरची कुणी बाई पोळ्याला पाटी घेऊन कोपरगावच्या बाजारात बैल विकायला बसणार नाही. भट्टीवाल्याच्या इज्जतीला ते बरं दिसत नाही.

दुसऱ्या अटीतली बाई मनकर्णा. पंधरा वर्षं ती त्या बाजारात बसत आली होती. बायका लांबून विचारत यायच्या, नेवासकरीन आली का, तिच्या बैलाचं वशिंड बघून पोरं रडायची थांबत्यात. ते सुटलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण पहिली अट तिच्या घशात काट्यासारखी अडकली होती. तिला मूलबाळ नाही. सरू चार वर्षांची असताना येऊन मांडीशी बसली आणि मातीचा गोळा मागू लागली, तेव्हापासून ती तिचीच. कुंभाराच्या घरात चाकाला बाईनं हात लावायचा नाही, म्हणजे जे नुसत्या हातांनी होतं तेवढंच बायकांचं: चुली, बैल, गौरीचे मुखवटे. तेवढ्यात सरू अशी तयार झाली होती की तिच्या बैलाला हाक मारली तर तो मान वळवील असं वाटावं. आता तिनं हात धुऊन बसायचं, एका भट्टीवाल्याच्या इज्जतीसाठी.

तेव्हा ही मूर्ती गमतीनं केली हे खरं, आणि नुसत्या गमतीनं केली नाही हेही खरं.

"मोड ते," केशरबाई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"मोडते की आक्का. पन येकदा दादांना दावू. त्यांनी बघितलं की मोडते."

ही तिची चाल होती, आणि ती चालली. थोरला दीर कारभारी हातात मडकी ठोकायचं लाकडी थापटणं घेऊनच आला. त्यानं मूर्तीकडं बघितलं, आणि एवढा मोठा, घराचा कर्ता माणूस, भिंतीवर रेलून हसायला लागला. "आरारारा! हुबेहूब! ही केशर बघा केशर, आता त्याचा डोळा फोडती! आन ह्यो भिमा, निजलाय बघ माझा भाऊ!" डोळे पुसता पुसता त्याची नजर खांद्यावर गेली. हसू बंद झालं. हात आपोआप मिशीकडं गेला, आणि तिथंच थांबला.

"मोड," तो म्हणाला.

लंकाबाई श्रावणासाठी माहेरी आलेली. ती उंबऱ्यावरूनच हसत होती. "दादा, आता का वं? तुमची मिशी तर मला लई आवडली. खरी हाय त्यापेक्षा दाट हाय." मग ती जवळ आली, तोंडाला कान लावलेली बाई तिनं बघितली. "मनकर्णे, मी काय अशी चोरून ऐकते लोकांचं?"

"वन्सं, ती तुमी न्हाई."

"माझा तीळ हाय हनुवटीवर!"

एवढ्या वेळात एकटा भिमाजी उकिडवा बसून मूर्ती न्याहाळत होता. त्यानं पोटावरच्या झोपलेल्या माणसाला करंगळीनं हलकेच शिवून बघितलं. "मला आवडला ह्यो. झ्याक झोप लागलीय."

"तू गप," भाऊ, भावजय आणि बहीण एकदम म्हणाले. आपापल्या मूर्तीवर चिडलेले तिघं आता एका बाजूला झाले होते, आणि दुसऱ्या बाजूला मनकर्णा, झोपलेला भिमाजी आणि जागा भिमाजी.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी ट्रकचा भोंगा वाजला. लांब, तीनदा.

लंकाबाईनं कान टवकारला. "ह्यो तर सूर्यभान पाव्हण्यांचा ट्रक!"

"आज? कसं काय?"

"नगरला विटा टाकून येत असत्याल. वाकडी वाट करून आले."

अंगणात धावपळ उडाली. कारभारी म्हणाला, "उचला, आत न्या!" सरू आतून धावत आली आणि आडवी झाली. "बाबा, उचलू नका, अजून ओलं हाय. मधी तुटंल." "तुटू दे!" म्हणत केशरबाईनं नवऱ्याच्या हातातलं थापटणं हिसकलं, मूर्तीवर उगारलं, आणि एक क्षण तशीच राहिली. गुडघ्यावरची बाई तिच्याकडं बोट रोखून बघत होती. दारात खोकल्याचा आवाज आला. केशरबाईनं थापटणं टाकलं, शेजारची माती वाहायची मोठी, खोल पाटी उचलली आणि मूर्तीवर पालथी घातली. थापटणं हातात असून तिनं पाटी का घातली, हे मनकर्णेनं तिला पुढं कितीदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही.

सूर्यभान आत आला तो बोलतच आला. पांढरं धोतर, वर कोट, खिशाला तीन पेनं, आणि घड्याळ कोटाच्या बाहीवरून बांधलेलं, म्हणजे लोकांना वेळ विचारायची अडचण नको. मागून गहिनीनाथ, आणि त्याच्या मागून डोक्यावरचा पदर सावरत सूर्यभानाची बायको, राहीबाई. बारीक अंगाची, सावळी. आल्याबरोबर तिनं आधी बैलांच्या रांगा बघितल्या.

"म्हटलं वाटेतच हाय तर पक्कं बोलून टाकू," सूर्यभान म्हणाला. "सुपारी दसऱ्याला फोडू, पन शब्द आज. मी शब्दाचा मानूस हाय कारभारी. तुमाला सांगतो, नगरला आज साहेब काय म्हनला..."

घोंगडी अंथरली होती. पण सूर्यभानाला जमिनीवर बसायची सवय राहिली नव्हती. बोलता बोलता त्यानं आजूबाजूला बघितलं, सावलीतली पालथी पाटी त्याला दिसली, आणि कोटाची मागची बाजू उचलून तो तिच्याकडं वळला.

"तिथं नगा!" केशरबाई किंचाळली.

सूर्यभान अर्धा वाकलेला तसाच थांबला. "का?"

मनकर्णेनं जन्मात पहिल्यांदा आपल्या जावेला शब्द सुचत नाही असं बघितलं.

"तिथं... देव हाय," केशरबाई म्हणाली.

"पाटीखाली?"

"झाकलाय. भाजून निघंस्तवर झाकूनच ठिवायचा."

"कोनता देव?"

केशरबाईनं नवऱ्याकडं बघितलं. कारभारीनं आभाळाकडं बघितलं. मग तिकडून काहीतरी मिळाल्यासारखा तो म्हणाला, "बोलेश्वर."

"बोलेश्वर?" सूर्यभान सरळ झाला. "ऐकला न्हाई कंदी."

"आमच्या कुळाचा हाय," कारभारी म्हणाला. एकदा खोटं बोलायला लागल्यावर त्याला बरं वाटू लागलं होतं. "लई जुना. का गं लंका?"

लंकाबाईनं पदर तोंडाशी धरला. हसू की रडू ते मनकर्णेला दिसेना. "व्हय तर. आबा रोज हात जोडायचे."

"नवसाला पावतो का?" सूर्यभानानं विचारलं.

"पावतो," कोपऱ्यातून भिमाजी म्हणाला. "पन ऐकत न्हाई कुनाचं."

मनकर्णेनं बैल सारखे करायच्या निमित्तानं पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. सरू तिच्याशेजारी येऊन बसली आणि दातांखाली ओठ धरून पुटपुटली, "काकू, आता काय?"

"आता चहा ठिव," मनकर्णा म्हणाली. "आन देवाला हात जोड."

चहा कुणी ठेवला नाही. कारण सूर्यभानाला आता दर्शनच हवं होतं. त्याच्या भट्टीला यंदा दोनदा पाणी लागलं होतं, अर्धा माल कच्चा निघाला होता, आणि नवसाला पावणारा देव समोर पाटीखाली असताना तसंच जायचं म्हणजे त्याला पाप वाटलं. केशरबाई म्हणाली, सोवळ्यात आहे. तो म्हणाला, मी सकाळीच आंघोळ केलीय. लंकाबाई म्हणाली, अमावस्येआधी उघडू नये. तो म्हणाला, देवाला तिथी नसते. आणि बोलण्यात त्याला कोण हरवणार? तो पुढं झाला आणि स्वतःच्या हातानं पाटी उचलून बाजूला पालथी ठेवली.

कारभारीनं डोळे मिटून घेतले.

सूर्यभान बघत राहिला. उन्हाची एक तिरीप भिंतीवरून उतरून मूर्तीच्या उघड्या तोंडात पडली होती. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"वा!" तो म्हणाला. "काय तेज हाय मुद्रेवर!"

कारभारीनं एक डोळा उघडला.

"राजाचं तोंड हाय. बघा की, सगळ्या जगाला सांगतोय आन जग ऐकतंय. ही वर बसल्यात ती कोन?"

"भक्त," कारभारी घाईनं म्हणाला.

"आन ही बोट दावनारी?"

"ती भांडखोर भक्तीन," मनकर्णा म्हणाली. केशरबाईनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढं चार दिवस तिथं निळं होतं. पण चिमटा काढताना केशरबाईच्या नाकपुड्या थरथरत होत्या. रागानं नव्हे.

सूर्यभानानं हात जोडले. डोळे मिटले. तोंड थोडं उघडं पडलं, दातातली फट दिसली. आता एक सूर्यभान उभा होता आणि एक बसला होता. मनकर्णेला वाटलं, आता आभाळ तरी कोसळेल नाहीतर आपण तरी. शेजारी गहिनीनाथाला जोराचा खोकला आला. खोकता खोकता तो खाली बसला, गुडघ्यात डोकं घातलं आणि खोकतच राहिला. पण त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यानं सरूकडं बघितलं, आणि सरूला कळलं की याला केव्हाच कळलंय.

"असा बोलेश्वर माझ्या भट्टीवर पायजे," सूर्यभान म्हणाला. "मी देऊळ बांधतो. पक्क्या विटांचं. अगं ये, कुंकू लाव देवाला."

राहीबाई पुढं झाली. केशरबाईनं नाइलाजानं पुढं केलेला करंडा तिनं घेतला, बोटावर कुंकू घेतलं आणि मूर्तीपुढं गुडघे टेकले. कपाळाशी नेलेलं बोट तिथंच राहिलं. ती कपाळ बघत नव्हती. ती मूर्तीचा डावा हात बघत होती.

"अवो," ती म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांच्या कानावर पडला. "देवाच्या हातात घड्याळ कसं?"

कारभारीनं परत डोळे मिटले.

"आन तेबी बाहीवरून बांधलंय."

सूर्यभानानं देवाच्या मनगटाकडं बघितलं. मग स्वतःच्या मनगटाकडं. मग परत देवाच्या. आळीत कुठंतरी गाढव ओरडलं.

"हे कुनी केलं?" त्यानं विचारलं. हळू. त्याचं हळू बोलणं फार वाईट वाटलं मनकर्णेला. तिनं एका बोलणाऱ्या माणसाची गंमत केली होती. हा गप्प माणूस तिच्या हिशेबात नव्हता.

"मी केलं," ती म्हणाली. "माझा गुन्हा हाय पाव्हनं. ह्या घरातल्या कुनाचा न्हाई."

"तोंड माझं हाय," सरू म्हणाली.

"सरे!" केशरबाई.

"हाय तर हाय. काकूला तोंड जमंना. मिटलेलं करत हुती ती. मी उघडलं." सरू मागं सरली नाही. "मला माती सोडायची न्हाई. ते सांगायला मला तोंड दिलं न्हाई कुनी, म्हनून ह्याला दिलं."

सूर्यभानानं टोपी डोक्यावर घातली. "चल रं," तो गहिनीनाथाला म्हणाला. "मोडली सोयरीक. कारभारी, मला वाटलं हुतं, घर चांगलं हाय. चिखलात हात घालून बसनाऱ्या बायांचे हातबी तसलेच, मनंबी तसलीच. ही असली अवदसा," आणि त्यानं मनकर्णेकडं बोट केलं, "घरात ठिवता तुमी, आन पोरगी बी तिच्याच वळनावर..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. त्याच्या बोटासमोर दुसरं बोट आलं होतं. गुडघ्यावरच्या बाईचं नव्हे, खऱ्या केशरबाईचं.

"पाव्हनं, बोट खाली घ्या," ती म्हणाली. "ती माझी जाऊ हाय. तिला नावं ठिवायची ती मी ठिवीन. ईस वर्सं ठिवतीय, अजून ईस ठिवीन. तुमी कोन?"

मनकर्णेनं जावेकडं बघितलं. वीस वर्षांत तिच्या वाट्याला केशरबाईचं बोट पुष्कळदा आलं होतं. तिच्या बाजूनं आलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. दुखरा दंड तेवढा तिनं धरून ठेवला.

"आक्का, सोयरीक..." ती कशीबशी म्हणाली.

"गेली खड्ड्यात! चिखल म्हनं. ह्याच्या इटा काय साखरंच्या हायत्या?"

कारभारीनं खाकरून मिशीवर हात ठेवला आणि बायकोच्या बाजूला येऊन उभा राहिला. लंकाबाई, जिला परत त्याच गावात जाऊन नांदायचं होतं, तीही दोन पावलं सरकली. भिमाजी आधीपासून तिथंच होता.

सूर्यभान तरातरा बाहेर गेला. ट्रकचं दार आपटलं, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. गहिनीनाथ उठला नाही.

राहीबाईही उठली नव्हती. ती मूर्तीपुढं बसून होती, बोटावरचं कुंकू तसंच. तिचं अंग हलत होतं. मनकर्णेला वाटलं, बाई रडतेय. ती धावत जवळ गेली, वाकली. राहीबाई हसत होती. आवाज न करता, श्वास न घेता, पोट धरून, जशी फक्त बोलक्या नवऱ्याच्या बायकोला हसायची सवय होते तशी.

"बाई," ती म्हणाली, तेव्हा मधे मधे उचकी लागत होती, "पोटाचा उतार... अगदी... हाय तसाच काढलास गं." मग तिनं डोळे पुसले आणि एकेक माणूस नीट बघितला. "सगळी हायती ह्याच्यावर. मी कुठंय?"

मनकर्णा ओशाळली. "तुमाला मी बघितलंच न्हाई तवा. दाराआडून ताटं देनारा हात तेवढा दिसला. हातावरून मानूस कसं करायचं?"

राहीबाईनं आपल्या हातांकडं बघितलं.

"माती हाय का उरलेली?" तिनं विचारलं.

सरूनं ओल्या फडक्यातला गोळा आणून दिला. राहीबाईनं तो तळव्यात घेतला, दाबला, नाकाशी नेला. "मातीत लीद घोड्याचीच घालता?" ती म्हणाली. "आमच्या आईनं बी तीच सांगितलेली. धा वर्सं झाली हात लावून. भट्टी घातली आन ह्यांनी सांगितलं, आता बास." बोलता बोलता तिची बोटं चालू लागली होती. आधी अडखळली, एक गोळा वाकडा झाला, तो तिनं मोडला. दुसरा धरला तेव्हा अंगठे आपोआप वळले. मान झाली, डोक्यावर पदर आला, पदराच्या काठाला नखानं बारीक नक्षी पडली. सरू पुढं सरकली, केशरबाई वाकली, लंकाबाईनं पदराची सावली धरली. मनकर्णा काहीच करत नव्हती. ती नुसती बघत होती, आणि तिच्या मनात आलं, ह्या हातांना आपण ताटं देणारे समजलो.

मूर्तीच्या मांडीवर पाण्याचा हात फिरवून राहीबाईनं बोटभर बाई तिथं घट्ट बसवली. मग केरसुणीची काडी मोडून घेतली, आणि बाईच्या तोंडाच्या जागी खुपसून गोल फिरवली.

"ही तर बोलतीया," सरू म्हणाली.

"व्हय."

मागं पावलं वाजली. ट्रक घरघरत होता, पण बायको-पोराशिवाय तो हलणार कुठं? सूर्यभान दारात आला होता. बोलायलाच आला होता, तोंड उघडून तयार होता. पण कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. सगळ्यांची पाठ होती. मग त्यालाही वाकून बघावं लागलं. आपल्या मातीच्या मांडीवर बसलेली बारकी बाई त्यानं बघितली. तिच्या डोक्यावरचा पदर त्यानं ओळखला, तोंडाचं भोक बघितलं, आणि शेवटी बायकोचे कोपरापर्यंत माखलेले हात बघितले.

"ही काय बोलती?" त्यानं विचारलं.

दोन भेटींत त्यानं शेकडो गोष्टी विचारल्या होत्या, पण उत्तरासाठी थांबला होता तो आता. राहीबाईनं हात धुतले नाहीत, पुसलेही नाहीत. तिनं पालथ्या पाटीकडं मान हलवली.

"बसा," ती म्हणाली. "लांबलचक हाय. पंचवीस वर्सांचं हाय."

सूर्यभान पाटीवर बसला.

"पयलं म्हंजी," राहीबाई म्हणाली, "ही पोरगी माझ्या घरात आली तर माती घिऊनच यील. आन पोळ्याला बाजारात पाटी घिऊन तिची चुलती बसंल, आन तिच्या शेजारी मी बसंन."

सूर्यभानाचं तोंड उघडलं. राहीबाईनं चिखलाचं बोट वर केलं. तोंड मिटलं.

"दुसरं," ती म्हणाली.

गहिनीनाथ उठून दाराशी गेला आणि त्यानं ट्रकच्या ड्रायव्हरला हात केला.

"इंजन बंद कर," तो म्हणाला. "आज उशीर हुनार हाय."